भावाला आतड्याचा कॅन्सर झाला, आता मी काय खाऊ?

प्रश्न : माझं वय ४१. दादा ४६ वर्षांचा. चार महिन्यांपूर्वी त्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. घरात रोज एकच विषय : हे खाण्यामुळेच झालं. दादाला मांसाहार आवडायचा, त्याचा ठपका आई वहिनीवर ठेवते. मी घाबरून मांस, साखर, दूध, मैदा सगळं बंद केलंय. प्रतिकारशक्ती वाढवणारी एक पावडर, व्हिटॅमिन डी, सी आणि झिंकच्या गोळ्या आणि सकाळी कच्च्या पालेभाज्यांचा रस घेते. दादालाही तो रस द्यावा असं मला वाटतं, पण वहिनी देऊ देत नाही. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर कॅन्सर होत नाही ना? नेमकं काय खावं? मलाही तपासणी करावी लागेल का? मला कधीमधी शौचाला रक्त जातं, पण ती मूळव्याध आहे, बाळंतपणापासूनची.
– एक बहीण

उत्तर : ताई, जेवणाचं नंतर बघू. आधी तुमच्या पत्राची शेवटची ओळ. ती मूळव्याधच आहे हे कुणी तपासून सांगितलंय, की बाळंतपणात झाली होती म्हणून आताही तीच असणार असं तुम्ही धरून चाललाय? लाल, ताजं रक्त दिसलं की सगळे निश्चिंत होतात. गुदाशयातल्या गाठीतूनही तसंच लाल रक्त येतं, आणि मूळव्याध व गाठ एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. तुमच्याच वयाच्या, पण घरात कुणाला हा आजार नसलेल्या बाईलाही मी तपासून घ्या असंच म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत तर थांबण्याचं काही कारणच उरत नाही.

तपासणीबद्दलचा नियम सोपा आहे. सख्खा भाऊ, बहीण, आई, वडील किंवा मूल यांपैकी कुणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहणं, चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. पुढे साधारण दर पाच वर्षांनी. दादाचं निदान ४६ व्या वर्षी झालं, म्हणजे तुमची वेळ छत्तिसाव्या वर्षीच आली होती. अर्थात तेव्हा दादाचा आजारच कुणाला ठाऊक नव्हता. आता ठाऊक आहे. त्यामुळे 'करावी लागेल का' हा प्रश्न निकालात निघाला. सोबत रक्ताची साधी तपासणी करा : हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. कारण न सापडता लोह कमी होत असेल, तर आतड्यातून नकळत रक्त जात असण्याची शक्यता डॉक्टर आधी तपासतात. दादाची मुलंही यात येतात. आज नाही, पण छत्तिशीला पोचतील तेव्हा त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मी यावर एवढा जोर का देते, तर हा कॅन्सर बहुतेक वेळा एकदम उगवत नाही. आधी आतड्याच्या अस्तरावर छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप तसेच राहतात. काही वाढतात, त्यांच्या पेशींत एकावर एक जनुकीय बिघाड साठत जातात, आणि कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं किंवा जास्तही लागतात. एवढी लांब मुदत देणारे कॅन्सर फार थोडे. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला तर दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून तो तिथल्या तिथे काढतात. म्हणजे एकाच बैठकीत शोधही होतो आणि प्रतिबंधही. कोणताही आहार हे करू शकत नाही, आणि हे मी आहाराची बाजू घेणारी बाई असूनही म्हणतेय.

आता दादाला हे खाण्यामुळे झालं का. एका माणसाच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर नाही. आकडेवारी लाखो लोकांबद्दल बोलते, दादाबद्दल नाही. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम, सलामी यांसारखे पदार्थ, कॅन्सरजनक ठरवलं आणि लाल मांस 'बहुधा कॅन्सरजनक' या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा तेव्हाचाच. ऐकायला तो भयंकर वाटतो. पण समजा शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात हा आजार होणार असेल, तर रोज तेवढं खाणाऱ्या शंभरात तो सहाच्या आसपास जणांना होईल. वाढ खरी आहे, पण तेवढ्यावरून वहिनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही. आईंना एकदा शांतपणे सांगा.

शिवाय पन्नाशीच्या आत होणाऱ्या या कॅन्सरचं कोडं ताटापाशी संपत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना, १९५० च्या आसपास जन्मलेल्यांच्या तुलनेत, त्याच वयात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट दिसला. वाढतं वजन, बैठं आयुष्य, दारू, बदललेला आहार ही नावं सगळ्यांनाच पाठ आहेत. २०२५ मध्ये त्यात एक वेगळा धागा आला. ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय नकाशा तपासला, तेव्हा कोलिबॅक्टिन नावाच्या विषाने उमटलेल्या खुणा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त आढळल्या. हे विष ई. कोलाय जिवाणूचे काही प्रकार तयार करतात, आणि खुणांवरून अंदाज असा की हा घाला बालपणातच पडलेला असतो. पुढे कॅन्सर त्यानेच झाला हे यातून सिद्ध होत नाही. पण दादाने मोठेपणी काय खाल्लं यावर रोज खटला चालवणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

प्रतिकारशक्तीकडे येते, कारण तुमच्या पत्राचा खरा गाभा तोच आहे. ती टाकीतल्या पाण्यासारखी नसते, की पातळी खाली गेली तर वरून ओतावं. मोठ्या आतड्याचं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. पलीकडे कोट्यवधी जिवाणू, अलीकडे शरीराच्या प्रतिकारपेशींचा फार मोठा जथा, आणि मध्ये हा पडदा व त्यावर बुळबुळीत श्लेष्माचा थर. इथल्या प्रतिकारपेशींचं रोजचं काम बरंचसं गप्प राहण्याचं आहे. अन्न आणि आपले नेहमीचे जिवाणू यांच्यावर तुटून पडायचं नाही, खऱ्या शत्रूवर मात्र पडायचं. हा तोल गेला आणि त्या सतत भडकलेल्या राहिल्या की काय होतं, ते अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दिसतं. त्या आजारात प्रतिकारयंत्रणा आतड्यावरच चालून जाते, वर्षानुवर्षं दाह राहतो आणि कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णांची लक्षणं सुरू झाल्यापासून सुमारे आठ वर्षांनी नियमित कोलोनोस्कोपी सुरू करतात. 'वाढवलेली' प्रतिकारशक्ती हवी असं म्हणणाऱ्याने हा आजार एकदा पाहावा.

दुसरी बाजूही आहे, ती नाकारायची नाही. प्रतिकारपेशी कॅन्सरशी लढतात हे अगदी खरं. २००६ साली जेरोम गालाँ यांच्या फ्रेंच गटाने दाखवलं की मोठ्या आतड्याच्या गाठीत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारपेशींचा एक प्रकार, किती आणि कुठे जमल्या आहेत, यावरून रुग्णाचं पुढे कसं होईल याचा चांगला अंदाज बांधता येतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात गुदाशयाचा विशिष्ट जनुकीय प्रकारचा कॅन्सर असलेल्या १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं. बाराच्या बारा जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली, ऑपरेशन किंवा रेडिएशनशिवाय. पण हे औषध काय करतं? गाठीने प्रतिकारपेशींना लावलेला एक नेमका ब्रेक सोडवतं. तेही ठरावीक प्रकारच्या गाठीतच चालतं. डब्यातल्या पावडरीला तो ब्रेक कुठे आहे हेसुद्धा माहीत नसतं.

गोळ्यांचंही तसंच. व्हिटॅमिन डी रक्तात कमी असेल तर ते जरूर भरून काढा, हाडांसाठी. पण २५,८७१ लोकांवर झालेल्या अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत रोज २००० युनिट व्हिटॅमिन डी पाच वर्षांहून जास्त काळ देऊनही नव्या कॅन्सरचं प्रमाण कमी झालं नाही. आणि गोळ्या निरुपद्रवीच असतात असंही नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी वाढला. १९९४ चा तो निकाल आजही गोळीबहाद्दरांच्या पचनी पडत नाही. तपासणीत कमतरता निघालेली नसेल तर तुमचं झिंक, सी आणि पावडर आजच बंद केली तरी चालेल.

मग आहाराने काही होतच नाही का? होतं, पण सावकाश आणि आडवाटेने. तंतू, म्हणजे फायबर, आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेट नावाचं छोटं आम्ल तयार करतात. अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे. शिवाय दाह आवरणाऱ्या टी-पेशी घडवायला ते मदत करतं. तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू श्लेष्माचा थरच खायला लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. तुम्ही ज्याला प्रतिकारशक्तीचा आहार म्हणता, तो जर कुठे असेल तर इथे आहे. तो थेट प्रतिकारपेशींसाठी नसून जिवाणूंमार्फत अस्तरासाठी आहे.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २०१५ चा. वीस आफ्रिकी-अमेरिकन माणसं आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतली वीस माणसं. पहिल्या गटात हा कॅन्सर खूप, दुसऱ्यात अगदी विरळा. दोन आठवड्यांसाठी त्यांच्या जेवणाची अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांना भरपूर तंतू आणि कमी चरबी, रोज ५५ ग्रॅमपर्यंत तंतू. आफ्रिकेतल्यांना उलट. आधी आणि नंतर कोलोनोस्कोपी. अवघ्या दोन आठवड्यांत पहिल्या गटात ब्युटिरेट अडीचपट झालं, अस्तरातला दाह आणि पेशींच्या वाढीचा वेग उतरला. दुसऱ्या गटात बरोबर उलटं घडलं. कॅन्सर होणं-न होणं यात मोजलेलं नाही, मोजल्या त्या फक्त धोक्याच्या खुणा. तरी आतड्याला ताटातला बदल इतक्या लवकर कळतो, हे मला आजही थक्क करतं.

पण दुसऱ्या बाजूचाही एक मोठा निकाल आहे, तो लपवणं बरं नाही. ज्यांचे पॉलिप काढले होते अशा दोन हजारांच्या आसपास लोकांना अमेरिकेत दोन गटांत विभागलं. एका गटाने चार वर्षं कमी चरबीचा, भरपूर तंतूंचा, फळं-भाज्यांचा आहार घेतला. २००० साली निकाल आला : पॉलिप परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच. टीकाकार म्हणतात, चार वर्षं फार थोडी आणि या लोकांच्या आतड्यात बिघाडाची सुरुवात आधीच झालेली होती. मलाही तसंच वाटतं. दीर्घकाळ पाहिलेल्या मोठ्या गटांच्या अभ्यासांत चित्र बरंच एकसारखं आहे : रोज दहा ग्रॅम जास्त तंतूंमागे धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी, आणि रोज ९० ग्रॅम अख्ख्या धान्यामागे सुमारे १७ टक्क्यांनी कमी. अर्थात तंतू जास्त खाणारी माणसं चालतातही जास्त आणि पितातही कमी, त्यामुळे सगळं श्रेय तंतूंना देता येत नाही.

तर तुमच्या ताटाचं. अख्खं धान्य, डाळी, कडधान्यं, भाज्या आणि फळं, सालासकट खाता येतील ती सालासकट. मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू हवेत. एकदम वाढवू नका, पोट फुगेल आणि तुम्ही चौथ्या दिवशी सोडून द्याल. पालेभाजीचा रस काढून गाळता तेव्हा तंतू चोथ्यात जातात आणि चोथा कचऱ्यात. भाजी शिजवून खा, पोटालाही बरी. मांस आवडत असेल तर शपथ घ्यायची गरज नाही. शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा, प्रक्रिया केलेलं जवळपास नकोच, आणि फार करपवू नका.

दूध मात्र का सोडलंत? त्याबाबत पुरावा तुमच्या उलट बाजूने आहे. ब्रिटनमधल्या ५ लाख ४२ हजार बायकांच्या अभ्यासात रोज ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियममागे, म्हणजे दुधाच्या मोठ्या ग्लासाएवढ्या, या कॅन्सरचा धोका १७ टक्क्यांनी कमी दिसला. पचत असेल तर दूध-दही पुन्हा सुरू करा. त्याच अभ्यासात रोज २० ग्रॅम जास्त अल्कोहोलमागे धोका १५ टक्क्यांनी वाढलेला होता. तुम्ही पत्रात मैद्यापासून साखरेपर्यंत सगळं लिहिलंत, दारूबद्दल अक्षर नाही. घेत नसाल तर प्रश्नच मिटला. साखरेचं म्हणाल तर साखर खाल्ल्याने कॅन्सर 'पोसला' जातो ही भीती सोडा. ती वजन वाढवते आणि वाढलेलं वजन धोका वाढवतं, तेवढ्यासाठी कमी करा.

दादाच्या बाबतीत वहिनी बरोबर आहेत. तुम्हाला हे आवडणार नाही, पण त्याचं ताट आणि तुमचं ताट सध्या वेगळं असायला हवं. केमोमध्ये पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा नीट न धुतलेल्या कच्च्या पाल्यातले जंतू महागात पडू शकतात. केमोतलं ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर काही दिवस थंड पेयाचा घोट घेतला तरी घशात आणि थंड ग्लास धरला तरी बोटांत झिणझिण्या येतात, त्यामुळे फ्रिजमधला रस तर नकोच. केमोच्याच कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या असतील तर फॉलिक ॲसिडने त्यांचे दुष्परिणाम वाढू शकतात, आणि मल्टिव्हिटॅमिनच्या बहुतेक गोळ्यांत ते असतं. वनस्पतींचे अर्क, पावडरी, कुणी प्रेमाने आणून दिलेले काढे, सगळं आधी त्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायचं. ऑपरेशननंतर काही आठवडे तर त्याला तंतू कमीच खायला सांगितले असतील. त्याला आत्ता हवेत पुरेशी प्रथिनं, पुरेशी ऊर्जा आणि वजन टिकणं. तोंडाला चव नसताना तो जे खाईल ते खाऊ द्या. तंतूंचं व्याख्यान नंतर.

त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर केमो संपल्यावर त्याच्याबरोबर चालायला जा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांवरची एक चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षं प्रशिक्षकाच्या मदतीने नियमित व्यायाम करणाऱ्या गटात पाच वर्षांनंतर आजार न उलटता राहिलेले ८० टक्के होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ७४ टक्के. त्यात बरेचसे जण भरभर चालण्याचाच व्यायाम करत होते. एकट्याने जाणं दोन दिवसांत बंद पडतं, बहीण दारात उभी असली की पडत नाही.

कोलोनोस्कोपीची भीती वाटत असेल तर खरं सांगते, त्रास तपासणीचा नसतो, आदल्या दिवसाचा असतो. पोट साफ करायचं औषध, अर्धं रात्री आणि अर्धं पहाटे, आणि स्वच्छतागृहाच्या फेऱ्या. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली, कडधान्यं बंद, म्हणजे मी वर सांगितलेलं सगळं तेवढ्यापुरतं उलटं. लोहाच्या गोळ्या घेत असाल तर साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, आणि रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते आधी कळवावं लागतं. प्रत्यक्ष तपासणी गुंगीत होते, अर्ध्या तासाच्या आसपास. पॉलिप काढला तर तो पॅथॉलॉजीला जातो, आणि पुढची खेप कधी ते त्या रिपोर्टवर ठरतं. काहीच निघालं नाही तर मूळव्याधीचाही निकाल त्याच दिवशी लागेल.

जाण्याआधी दादाच्या फाइलमधला गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट वहिनीकडून मागून घ्या. त्यात एमएमआर किंवा एमएसआय अशी तपासणी दिसते का बघा, पेशीतली डीएनए दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का ते त्यातून कळतं. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही त्या यंत्रणेतल्या चार प्रथिनांची नावं असतील, त्यांतलं एखादं 'हरवलेलं' असं लिहिलं असेल तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची शक्यता तपासायला हवी. सगळ्या रुग्णांत तो सुमारे ३ टक्क्यांना असतो, पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दादाला तो निघाला तर तुम्हाला असण्याची शक्यता निम्मी. तसं झालं तर कोलोनोस्कोपी पाच वर्षांनी नाही, दर एक-दोन वर्षांनी, आणि गर्भाशयाच्या कॅन्सरबद्दलही स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं लागेल. लिंच असलेल्यांना ॲस्पिरिनचा फायदा होतो हे चाचणीत दिसलंय, पण तुम्ही आपणहून सुरू करू नका. ती तपासणी झालेलीच नसेल, तर गाठीचा नमुना प्रयोगशाळेत जपून ठेवलेला असतो, त्यावर अजूनही करता येते. दादाच्या डॉक्टरांना पुढच्या केमोच्या वेळी विचारा, आणि जो कागद मिळेल त्याची प्रत स्वतःच्या कोलोनोस्कोपीला सोबत न्या.